पार्टी फिरली

एखादा फ्लॅट खरोखर कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर तो विकत घेण्यात अर्थ नाही. घेतल्यावर जे कळतं ते उशिरा कळतं. त्यापेक्षा फ्लॅट पसंत करावा, भाव ठरवावा, टोकन द्यावं आणि व्यवहार फिसकटू द्यावा. फिसकटल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात इस्टेट एजंट त्या फ्लॅटबद्दल जे सांगतो, ते वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये नसतं, बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये नसतं आणि सोसायटीच्या एनओसीत तर नसतंच नसतं. सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा काढतात. एजंट त्याच्याही मागे जातो, आणि वर त्याचे पैसे घेत नाही.

हे ज्ञान मला पुण्यात, कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात जुना टू बीएचके शोधताना झालं. आमचे एजंट अ‍ॅक्टिव्हावरून येत. डिकीत हेल्मेट मावत नसे, कारण तिथे चाव्या असत. प्रत्येक चावीला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर. घामानं अक्षरं पुसट झालेली. त्यामुळे एकदा आम्ही भलत्याच दाराच्या कुलपात चावी फिरवत उभे राहिलो आणि आतून "कोण आहे?" असा आवाज आला. एजंट जराही गडबडले नाहीत. बनियनवर दार उघडणाऱ्या गृहस्थांना त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, विकायचाय का?"

व्यवहार ठरेपर्यंत एजंटच्या जगात वाईट असं काही नसतं. मागे डीपी रस्त्यावरची लॉन्स असली तर "सीझनला जरा चहलपहल असते." पाणी दिवसातून एकदाच येत असलं तर "वेळेवर येतं." लिफ्ट नसली तर "मेन्टेनन्स कमी आहे." मार्च २०२२ मध्ये वनाजची मेट्रो सुरू झाल्यापासून या भागातला प्रत्येक फ्लॅट स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, वारज्याच्या पुलाजवळचासुद्धा. एरियाचं तर विचारूच नये.

"कार्पेट किती?"

"सेलेबल नऊशे वीस."

"ते नाही, कार्पेट."

"ऐसपैस आहे सर."

२०१६ च्या रेरा कायद्यानं नव्या प्रकल्पांत कार्पेट एरिया सांगणं बंधनकारक केलं, पण जुन्या इमारतींमध्ये 'सेलेबल' अजून सुखानं नांदतो. त्यात जिना येतो, लिफ्टचा खड्डा येतो आणि बहुधा समोरच्यांनी चपला ठेवलेली जागाही येते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. महारेरानं २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणं सक्तीचं केलं आहे. रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकायची तर हे लागतं. पस्तीस वर्षांच्या इमारतीतला रिसेलचा फ्लॅट विकायला लागत नाही. आमचे एजंट तरीही परीक्षा दिलेले होते आणि नोंदणीचा नंबर त्यांनी व्हिजिटिंग कार्डावर नावापेक्षा मोठा छापला होता. परीक्षेला काय काय होतं म्हणून मी कौतुकानं विचारलं.

"सगळं होतं सर. ग्राहकाला पूर्ण माहिती द्यायची, काही लपवायचं नाही, वाढवून सांगायचं नाही."

"मग?"

"मग काय, पास झालो."

तर अशा या उत्तीर्ण गृहस्थांनी आम्हाला एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट दाखवला आणि तो आम्हाला आवडला. गॅलरीतून टेकडी दिसत होती. म्हणजे दोन इमारतींच्या फटीतून हिरवं काहीतरी दिसत होतं, पण पुण्यात तेवढ्यावर चौरस फुटाला पाचशे रुपये जास्त मागतात. मालक पंच्याऐंशी लाख म्हणत होते, आम्ही शहात्तर म्हणत होतो. "बसून होऊन जाईल," एजंट म्हणाले आणि मालकांच्या राहत्या घरी बैठक ठरली.

बैठकीला सगळे एकाच खोलीत बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. "एक मिनिट हं सर," म्हणून एजंट मालकांना आतल्या खोलीत घेऊन गेले. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. "काका, अशी पार्टी पुन्हा मिळायची नाही. सगळे चेकनं देतायत. हातची घालवू नका." मग मालक बाहेर येऊन बसले आणि एजंटांनी मला गॅलरीत नेलं. "काका हलायला तयार नाहीत. एक एनआरआय पार्टी ब्याऐंशी घेऊन दारात उभी आहे. मी थांबवून ठेवलीय, निव्वळ तुमच्यासाठी." गॅलरीची खिडकी उघडी होती, त्यामुळे हे मालकांनीही ऐकलं आणि आपल्याकडे एनआरआय पार्टी आहे ही बातमी त्यांना तेव्हा समजली. त्यांचा चेहरा उजळला. भाव तिथेच लाखानं वाढला असता.

हे आत-बाहेर चालू असताना मालकीणबाई माझ्या बायकोला चिवड्याची बशी देत म्हणाल्या, "ऐंशीला देऊन टाका म्हणतेय मी यांना सकाळपासून." बायको म्हणाली, "आम्हीही ऐंशीपर्यंत जाऊ असंच ठरवून आलोय." दोघींनी लगेच किचनच्या ट्रॉल्या ठेवायच्या की काढायच्या याची बोलणी सुरू केली. एजंट मात्र त्यानंतरही बराच वेळ आतली खोली ते गॅलरी असे फिरत राहिले. शेवटी रुमालानं कपाळ पुसत आले आणि जाहीर केलं, "ऐंशी! घाम काढला दोघांनी, पण केलं!" तोवर बायकांचं ट्रॉल्यांवरून पडद्यांपर्यंत आलं होतं.

मग हिशेबाचा कागद निघाला. ऐंशी लाखांवर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५,६०,०००, नोंदणी फी ३०,०००. "वहिनींच्या एकटीच्या नावावर घ्या, एक टक्का वाचतो," एजंट म्हणाले. ऐंशी हजार वाचणार होते. त्या क्षणापासून बायको त्या फ्लॅटचा उल्लेख 'माझं घर' असा करू लागली. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार, म्हणून मालकांच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून भरायचा. सर्वांत खाली, बारीक अक्षरात, ब्रोकरेज दोन टक्के म्हणजे १,६०,०००, त्यावर अठरा टक्के जीएसटी, २८,८००. बाकीचे आकडे एजंटांनी वाचून दाखवले. हा मी मनात वाचला.

टोकन एकावन्न हजार ठरलं. मालक म्हणाले, रोख दिलंत तरी चालेल. एजंट म्हणाले, रोख अजिबात नको. आणि इथे ते शंभर टक्के बरोबर होते. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला प्राप्तिकर कायद्यानं २०१५ पासून मनाई आहे, मग तो व्यवहार पुढे पूर्ण होवो वा न होवो. 'न होवो' हे शब्द घालणाऱ्या अधिकाऱ्यानं कधीतरी कर्वेनगरात रिसेलचा फ्लॅट बघितला असणार. त्याच्या आदल्याच वर्षी, घर विकणाऱ्यानं विसाराची रक्कम जप्त केली तर ती त्याचं उत्पन्न समजून त्यावर कर लावायचा, अशीही तरतूद झाली. मोडणारे व्यवहार सरकारनं असे आधीच हिशेबात धरलेले असतात. आपणच तेवढे पेढे आणायला जातो.

विसार पावती झाली, पैसे मोबाईलवरून एका टिचकीसरशी गेले आणि एजंट फोनवर मिळेनासे झाले.

टोकनआधी हा माणूस रिंग वाजायच्या आत "बोला दादा" म्हणायचा. आता दरवेळी "रजिस्ट्रेशनला बसलोय सर, करतो फोन." पुण्यातल्या सगळ्या दुय्यम निबंधक कार्यालयांत मिळून जेवढे दस्त होतात, त्यांतल्या निम्म्यांना आमचे एजंट एकटे बसत असावेत. साठेखताची तारीख मागितली की आज मालकांच्या घरी कुळाचार असे, उद्या मालकांचा दाढेचा डॉक्टर. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात पुण्यात घराबद्दल बोललेलंही चालत नाही. तो संपल्यावर "काका मुलाशी बोलून सांगतो म्हणतायत. मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे आत्ता रात्र आहे." आम्ही सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, संध्याकाळी विचारलं. तिकडची रात्र काही संपेना.

आणि मग एक दिवस एजंटांचा आपणहून फोन आला. एजंट आपणहून फोन करतो तेव्हा एकतर नवा फ्लॅट असतो किंवा जुना गेलेला असतो.

"सर, पार्टी फिरली."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं." मग लांब श्वास. आणि मग ते वाक्य, ज्याच्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला: "सर, खरं सांगू का?"

अहो, काय सांगावं! बेडरूमला जो नवा रंग दिला होता त्याच्याखाली वरच्या बाथरूमचं लिकेज होतं, तीन पावसाळ्यांचं. वरच्यांचं आणि या काकांचं त्यावरून सोसायटीच्या सभेत हातघाईवर आलं होतं. पार्किंग कागदावर होतं; जागेवर सेक्रेटरींची गाडी होती. एप्रिल-मेमध्ये टँकर. डीपी रस्त्यावरचा बँड गॅलरीत उभा असल्यासारखा ऐकू येतो, आणि जी टेकडी दिसते तिच्या आड येणाऱ्या प्लॉटवर सात मजल्यांचा प्लॅन मंजूर आहे. हे सगळं ठीक. पण शेअर सर्टिफिकेट अजून काकांच्या कैलासवासी वडिलांच्या नावावर! काका नुसते नॉमिनी. काकांना दोन बहिणी, एक नागपूरला, एक इंदूरला, आणि दोघींत एका पाटल्यांच्या जोडावरून बोलणं बंद. हक्कसोडपत्रावर सही करायला त्या एका टेबलाशी येणं शक्यच नव्हतं.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, नॉमिनेशन आहे, विषयच संपला!"

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे सर," एजंट मला वकिलाच्या थाटात समजावू लागले, "नॉमिनीनं नुसतं सांभाळायचं असतं. हक्क वारसांचा. तुम्ही शिकलेले लोक, तुम्हाला हे माहीत हवं."

"हे सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

यावर त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. "आधी तुम्ही घेत होतात ना सर!"

या उत्तरावर मी बराच विचार केला आणि मला ते पटलं. एजंटला पैसे मिळतात ते दस्त झाल्यावर. दस्त होतो तो आशेवर. त्यामुळे तो आशा विकतो, आणि ती विकली जात असेपर्यंत खरं बोलणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. ज्या दिवशी व्यवहार मोडतो, त्या दिवशी त्याच्या १,६०,००० रुपयांचंही पाणी होतं. भर उन्हात आम्हाला मागे घेऊन फिरल्याचं पेट्रोल, मालकांच्या घरचे नको असताना प्यालेले चहा, आतली खोली ते गॅलरी अशी पायपीट, सगळं फुकट गेलेलं असतं. त्या माणसाच्या हातात त्या फ्लॅटमधलं विकण्यासारखं काही उरत नाही. उरते ती नुसती माहिती. ती तो देऊन टाकतो. मोकळ्या मनानं देतो, कारण ती ऐकून आपलं दुःख हलकं होईल आणि आपण पुढचा फ्लॅट बघायला येऊ, हेही त्याला ठाऊक असतं. आलोच. त्याच संध्याकाळी. "हा त्याच्या दहापट चांगला आहे. तो तर मी तुम्हाला दाखवायलाच नको होता."

पुढे पुढे आम्ही ही विद्या वापरायचं ठरवलं. नवा फ्लॅट बघितला की मी खालीच जाहीर करायचो, "नको, आम्हाला हा घ्यायचाच नाही," आणि कान टवकारून उभा राहायचो. उपयोग शून्य. "घाई नाही सर, रात्री वहिनींशी बोला," एवढंच. नुसता नकार आणि मोडलेला व्यवहार यांतला फरक एजंट बरोब्बर ओळखतो. खरं ऐकायचं तर टोकन घालवायची तयारी ठेवावी लागते, आणि ते परत मिळवणं हा एक वेगळाच उद्योग. जाताना एका टिचकीत गेलेले एकावन्न हजार येताना पुढच्या तारखेच्या चेकनं आले, तेही एजंटांनी काकांकडे खेपा घातल्या म्हणून. हे त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग बायकोनं स्वस्तातला मार्ग शोधला. दुसरा एजंट गाठायचा. एकाकडचा फ्लॅट पसंत पडला की दुसऱ्याला सहज विचारायचं, "अमक्या सोसायटीतला तो दुसऱ्या मजल्यावरचा कसा आहे हो?" लगेच, टोकनशिवाय, सत्य बाहेर! "तो? वहिनी, त्या इमारतीला अजून कन्व्हेयन्स नाही. बिल्डर मुंबईला पळालाय." मग या दुसऱ्याकडचा फ्लॅट पहिल्याला विचारायचा. "तिथे? ड्रेनेज बघितलंत का पावसाळ्यात?" प्रत्येक एजंट दुसऱ्याच्या फ्लॅटबद्दल इतका प्रामाणिक असतो की महारेरानं परीक्षेत शंभरपैकी शंभर द्यावेत. थोड्याच दिवसांत कर्वेनगर भागातल्या झाडून सगळ्या विकाऊ घरांची खरी माहिती आमच्याकडे गोळा झाली, आणि त्यांतलं एकही घेण्यासारखं नाही हे कळलं.

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची जाहिरात मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आली. आमच्याच एजंटांची. 'टेकडी व्ह्यू. शांत लोकेशन. क्लिअर टायटल. लिकेज नाही. मेट्रो दहा मिनिटं. भाव नव्वद, बसून वरखाली होईल.' मी फोन करून विचारलं, "बहिणींचं काय झालं?"

"कुठल्या बहिणी सर?" एजंट म्हणाले. मग जरा सावरून, "तुम्ही पुन्हा इंटरेस्टेड आहात का?"

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात यायची राहिली होती. नवं घर घ्यायचं तर आमचं आत्ताचं वन बीएचके विकायला लागणार होतं आणि ते याच एजंटांकडे दिलेलं होतं. त्यांनी फोटो काढले तेव्हा हॉलच्या कोपऱ्यातल्या ओलीसमोर बायकोची मोठी कुंडी सरकवली. "विचारलं तरच सांगायचं," असं आम्हाला बजावलं. कोणी विचारलं नाही. एक तरुण जोडपं आलं, त्यांना घर आवडलं, बैठक झाली. या वेळी आतल्या खोलीत आम्ही होतो आणि गॅलरीत ते. टोकन आलं. त्या दोघांनी भिंतींची मापंसुद्धा घेतली. आणि एका रविवारी सकाळी फोन आला.

"सर, पार्टी फिरली. जे होतं ते चांगल्यासाठीच. खरं सांगू का? पार्टी कच्चीच होती. त्याचा सिबिल बसत नव्हता. तिला पहिल्यापासून दक्षिणेचं दार नको होतं. तिचा बाप तर दोन वेळा मला म्हणाला..."

मी फोन स्पीकरवर टाकून समाधानानं ऐकत होतो. बायको मात्र पोह्यांचा घास हातात धरून थबकली होती.

"का गं?"

"आपल्याला फोन करायच्या आधी त्यानं त्यांना केला असेल ना?"

"असेल की."

"मग त्यांना त्यानं आपल्या घराबद्दल काय सांगितलं असेल?"

मी पंखा बंद केला. आम्ही दोघांनी मिळून आठवायला सुरुवात केली. कुंडीमागची ओल. पावसात दोन मजल्यांच्या मध्ये थांबणारी लिफ्ट. खालच्या मजल्यावरचा तबल्याचा क्लास. माजी चेअरमननी न दिलेला तीन वर्षांचा हिशेब. आणि मीच पार्किंगवरून सोसायटीला पाठवलेली ती नोटीस. यादी करता करता आम्हाला असं वाटू लागलं की त्या पोरांनी व्यवहार मोडला ते शहाणपणाचंच केलं. आमच्या घराबद्दल इतकं खरं आम्हीसुद्धा एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

बायकोनं दुसऱ्याच दिवशी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. तो आला, कुंडी बाजूला केली, ओलीवर तळवा टेकवला, बोटांचा वास घेतला आणि भरघोस आकडा सांगितला. "एकदा केमिकल मारलं की दहा वर्षं थेंब यायचा नाही मॅडम. लिहून देतो."

बायकोनं त्याच्याकडे बघून थंडपणे विचारलं, "आणि आम्ही हे काम तुम्हाला दिलंच नाही, तर?"

त्यानं एकवार भिंतीकडे पाहिलं, एकवार वर छताकडे. मग दप्तराची चेन लावत म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का?"